पाणलोटाची रेघ

रविवारी सकाळी वारज्याच्या शेतकरी बाजारात प्रेमलाने वाटाण्याची एक शेंग उचलली, अंगठ्याने दाबून फोडली आणि आतले दोन दाणे तोंडात टाकले. हे ती दर रविवारी करायची. बिबवेवाडीहून वारज्याला भाजीसाठी कुणी येत नाही. तिच्या सोसायटीच्या फाटकापाशीच तीन हातगाड्या उभ्या असतात. पण ती दोन बस बदलून यायची, कारण या गाळ्यावर 'कानसखोरे – विषमुक्त भाजी' असा हिरवा फलक होता, आणि तो तिथे लागण्यात आपला हात आहे हे त्या गर्दीत तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कुणाला सांगावं असं तिला कधी वाटलंही नाही. फलकाखाली उभं राहायचं, दाणा गोड लागला की पिशवी भरायची आणि परतायचं, एवढंच. त्या रविवारी गाळ्यावर नवीन मुलगी होती. बावीस-तेवीस वर्षांची असेल. वजन करता करता तिने प्रेमलाकडे दोनदा पाहिलं, तागडीतल्या चार शेंगा काढल्या, पुन्हा टाकल्या, आणि म्हणाली, "तुम्ही ओव्हाळ मॅडम ना? मी सृष्टी. मोरदऱ्याच्या जयसिंग शेलारांची."

तोंडातला दाणा गिळायचा राहून गेला. प्रेमलाला आठवली ती दोन वेण्यांतली, बांधावर उकिडवी बसून गांडुळं मोजणारी पोर. ती इतकी वाढली म्हणजे मधली वर्षं खरोखरच गेली होती. आपण त्यांना कधी मोजलं नव्हतं इतकंच. सृष्टी भराभरा सांगत होती. कृषी पदवी झाली, आता कानसखोऱ्याच्या शेतकरी गटाकडे नोकरीला आहे, माल पुण्यात आणायचा, विकायचा. मग तुमच्या मोरदऱ्याचा माल, असं प्रेमलाच्या तोंडून निघून गेलं, आणि निघताक्षणी तिला ते परत घ्यावंसं वाटलं. सृष्टीने पिशवीला गाठ मारली. "आमच्याकडे आता काही पिकत नाही, मॅडम," ती म्हणाली, दुकानदार 'सुटे नाहीत' म्हणतो त्या सुरात. मग म्हणाली की बाबा दोन वर्षांपासून इथेच आहेत, वारज्यातच, मागच्या गल्लीत. तुमचं नाव नेहमी काढतात. या ना घरी. आणि आवाज थोडा खाली आणून तिने आणखी एक गोष्ट सांगितली. मोरदऱ्याच्या पाण्याबद्दल पुढच्या महिन्यात एका समितीपुढे सुनावणी होती. कारखानदारांचं म्हणणं, असं होईल याची कुणालाच कल्पना नव्हती. गावाकडे एकही जुना कागद नव्हता. तुमच्याकडे त्या वेळचं काही असेल तर बघा. प्रेमला पुढच्या रविवारी येते म्हणाली आणि निघाली. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं की पिशवी आपण दोन्ही हातांनी पोटाशी धरली आहे, कुणीतरी काढून घेईल अशी.

कानस आणि मोरदरा ही शेजारशेजारची दोन खोरी. पुण्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर एक लांबट डोंगर आहे, त्याच्या धारेवर पडलेला पाऊस अर्धा इकडे कानसच्या ओढ्याला जातो, अर्धा तिकडे मोरदऱ्याच्या. नकाशावर ती धार म्हणजे नुसती एक रेघ. पाणलोटाची रेघ. प्रेमला पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा कानसच्या ओढ्यावर प्लेटिंगचे अकरा कारखाने होते. नळ, बिजागऱ्या, गाड्यांचे भाग यांना चकाकी चढवायची आणि वापरलेलं आम्लाचं पाणी ओढ्यात सोडायचं. ओढ्याच्या कडेचे दगड पिवळट-हिरवे झाले होते. ती पाणी तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात शास्त्रीय अधिकारी होती, गुडघाभर पाण्यात उभी राहून बाटल्या भरत होती, आणि काठावर एक उंच, काळासावळा माणूस कितीतरी वेळ नुसता बघत होता. तो कानसचा नव्हता. रेघेच्या पलीकडचा, मोरदऱ्याचा. बहिणीकडे आला होता. शेवटी तो म्हणाला, "ताई, पाणी तपासता ते बरं हाय. पण पाणी कालचं सांगतं. माती धा वर्सांचं सांगती."

ते वाक्य तिने संध्याकाळी वहीत उतरवून ठेवलं होतं. जयसिंगने वीस वर्षं रानात रासायनिक खताचा दाणा टाकलेला नव्हता. शेतीचं त्याचं कुठे शिक्षण झालेलं नव्हतं, पण एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्यायचा आणि गांडुळं मोजायची ही त्याची पद्धत होती, आणि सोळाच्या खाली आकडा आला की तो त्या तुकड्यात पुढचा हंगाम नुसता ताग पेरायचा आणि खत म्हणून मातीतच गाडायचा. त्याने प्रेमलाच्या हातात ओली माती ठेवून मूठ वळायला लावली. मूठ उघडल्यावर ढेकूळ कसं फुटतं ते पाहायचं. मग वास घ्यायचा. प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेल्या बाईने मातीचा वास तेव्हा पहिल्यांदा मुद्दाम घेतला, आणि नाकात, टाळ्याला, कुठेतरी कानांच्या मागे सुद्धा तो गार, किंचित गोडसर वास भरून राहिला. पुढे तीन वर्षं ती कानसला जाईल तेव्हा खिंड ओलांडून मोरदऱ्यातही जायची. दुपारी त्याच्या घरी भाकरी, घेवड्याची भाजी. सृष्टीला आई नव्हती, भाकऱ्या जयसिंगच थापायचा, जाड आणि कडेला करपलेल्या. पहिल्या दिवशी प्रेमलाने सवयीनं आपलं आडनाव स्पष्ट उच्चारून सांगितलं होतं आणि थांबून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. नोकरीच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना ती हे करायचीच, म्हणजे पुढचा प्रश्न टळतो. जयसिंगने 'बरं' म्हटलं आणि परातीत तिच्या हातावर पाणी घातलं.

अहवाल दोन हजार पंधरा साली तयार झाला. तीन वर्षांचे नमुने, एकशे बारा पानं. त्याच्या आधारे कानसच्या पाणलोटात असे कारखाने चालवायला कायमची बंदी येणार होती, आणि बंदीची हद्द म्हणून डोंगराच्या धारेची ती रेघ प्रेमलानेच नकाशावर आखली. एक्केचाळिसाव्या पानावर तिने एक परिच्छेद लिहिला होता. तो तिला आजही पाठ आहे. बंदी केवळ कानसपुरती राहिल्यास हे कारखाने लगतच्या मोरदरा पाणलोटात सरकण्याची दाट शक्यता आहे. एका खोऱ्यातील शेतीचे उत्पादन सुधारत असताना शेजारच्या खोऱ्यातील शेतीची हानी होईल. सबब दोन्ही पाणलोट एकत्र धरावेत. तिच्या वरिष्ठांनी कच्चा मसुदा वाचून तिला बोलावलं, बसायला सांगितलं, चहा मागवला. मोरदऱ्याच्या पाण्याची आपल्याकडे अधिकृत नोंद आहे का, त्यांनी विचारलं. नव्हती. मोरदऱ्याचं पाणी चांगलं होतं. चांगल्या पाण्याची तपासणी करायला कुणी पाठवत नाही. मग ते म्हणाले की शक्यता वर्तवायला वर्तमानपत्रात रोज एक ज्योतिषी असतो, त्यासाठी सरकारला शास्त्रज्ञ पोसायची गरज नाही. हे एक पान धरून कारखानदारांचा वकील पुढची सत्तर पानं फाडेल. आणि शेवटी, कप खाली ठेवत, जवळजवळ मायेने, "तुमच्या कागदावर बोट ठेवायला लोक टपलेलेच असतात, मॅडम. निदान तुम्ही तरी ती संधी देऊ नका."

त्या 'तुमच्या'चा अर्थ तिला कळला. लहानपणापासून कळत होता. तिचे वडील अठराव्या वर्षी, छपन्न साली बौद्ध झाले, खडकीच्या कारखान्यात कामाला असताना प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकले, आणि तिला ही नोकरी लागली तेव्हा त्यांनी तिला एकच गोष्ट सांगितली होती: वाचल्याशिवाय सही करू नको. तिने तशी कधीच केली नाही. प्रत्येक कागद वाचूनच केली. वर्षानुवर्षं ती स्वतःला समजावत आली की त्या दिवशी ती घाबरली ती त्या 'तुमच्या'ला. की दुसऱ्या कुणाला ते वाक्य ऐकावं लागलं नसतं, म्हणून दुसऱ्या कुणी तो परिच्छेद ठेवलाही असता. हे खरं होतं. पण बसच्या खिडकीशी पिशवी कवटाळून बसलेल्या प्रेमलाला त्या रविवारी त्या खऱ्याच्या मागे उभं असलेलं दुसरं खरं दिसलं. तिला तो अहवाल मंजूर व्हायला हवा होता. तिचं नाव असलेला, एकही बोट न ठेवता आलेला. तिने एक्केचाळिसावं पान पुन्हा टाईप केलं, परिच्छेद गेला, आणि खालचा मजकूर वर सरकून त्याची जागा भरून निघाली. तिथे काही होतं असं कुणालाही वाटलं नसतं.

आठ महिन्यांत अकरापैकी सात कारखाने डोंगर ओलांडून मोरदऱ्यात गेले. तिकडे बंदी नव्हती, जमीन होती, पाणी होतं, अंतर फार तर नऊ किलोमीटर. इकडे कानसचे शेतकरी पहिली दोन वर्षं तिच्या कार्यालयाला शिव्या देत होते, कारण ओढा लगेच काही सुधारला नाही आणि विषमुक्त शेतीसाठी रासायनिक खतं बंद केल्यावर पीक आणखी घसरलं. चौथ्या वर्षी वाटाणा वर आला. पाचव्या वर्षी घेवडा. पुण्यातल्या एका परिषदेत प्रेमलाने पडद्यावर तो आलेख दाखवला. खाली जाऊन मग हळूहळू, आणि मग एकदम वर चढत गेलेली रेषा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या एका तरुण संशोधक मुलीने उभं राहून विचारलं की शेजारच्या खोऱ्याचं काय झालं. प्रेमला म्हणाली, ती आकडेवारी उपलब्ध नाही. तेही खरं होतं. जेवणाच्या वेळी ती मुलगी ताट घेऊन तिच्या दिशेने येताना दिसली तेव्हा प्रेमला हात धुवायला गेली आणि नळ सुरू ठेवून तिथेच उभी राहिली.

त्यानंतर वर्षभराने मोरदऱ्याची आकडेवारी आली. सेंद्रिय प्रमाणपत्र देणाऱ्या एका संस्थेने काही विहिरींचं पाणी तपासायला पाठवलं होतं. बाटल्यांवर शेतकऱ्याचं नाव नसतं, नुसता सांकेतिक क्रमांक आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश. तिसऱ्या बाटलीवरचे आकडे वाचून तिला कळलं की ही जयसिंगची विहीर. आपल्या रेघेपासून सरळ खाली. क्रोमियम होतं, निकेल होतं, मर्यादेच्या कितीतरी वर. तिने चाचणी पुन्हा करायला लावली. पुन्हा तेच आलं. तिने सही केली, कारण निष्कर्ष बरोबर होता, आणि त्या सहीने जयसिंगचं प्रमाणपत्र गेलं. ज्याने पंचवीस वर्षं रानात विष येऊ दिलं नाही त्याचं रान विषारी ठरलं. आठवड्याभरात त्याचा फोन आला. "ताई, कागद मिळाला," तो म्हणाला. "खाली तुमची सही हाय. म्हंजे बरोबरच असणार." तो आणखी काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. तो थांबला होता ती काही बोलेल म्हणून. मग त्याने सृष्टी बारावी झाल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याचे दोन फोन आले, ते तिने वाजू दिले.

बाजारात सृष्टी भेटली त्या आठवड्यात ती खराडीला उत्कर्षाकडे जाऊन आली. लेकीचं घरूनच काम होतं. कानात यंत्र, पडद्यावर चौकोनांत माणसं. मधल्या वीस मिनिटांत दोघी जेवल्या. प्रेमलाने मसुद्याचं सांगितलं. हे ती पहिल्यांदाच कुणाला सांगत होती आणि सांगायला इतका कमी वेळ लागला याचंच तिला नवल वाटलं. उत्कर्षा तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "मम्मी, तू दोन महिन्यांत रिटायर होतेयस. आत्ता का? आणि तू एकटी थोडीच रिस्पॉन्सिबल आहेस, सगळी सिस्टिम तशीच आहे ना." लेकीचे डोळे खरोखर काळजीने भरलेले होते. प्रेमलाला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली. सिस्टिम. हा शब्द दहा वर्षांपूर्वी मिळाला असता तर तिने तो उशीसारखा डोक्याखाली घेतला असता. घरी आल्यावर तिने कपाट उघडलं. मसुदा शोधावा लागला नाही. तो कधी हरवलाच नव्हता. साड्यांच्या खाली, खाकी पाकिटात, समासात वरिष्ठांच्या हिरव्या शाईतला 'वगळावे' हा शेरा आणि खाली तिची स्वतःची आद्याक्षरं, मान्य असल्याची खूण. हा कागद आपण नष्ट का केला नाही, याचं उत्तर तिला सापडेना. जपून ठेवला म्हणजे आपण प्रामाणिक, असं काहीतरी मनाशी धरलं असावं.

दुसऱ्या रविवारी ती बाजारात न थांबता सरळ मागच्या गल्लीत गेली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. जयसिंग गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, आणि ती दिसताच तो ज्या तऱ्हेने उठला, गुडघ्यावर हात देऊन पण घाईने, ते पाहून तिला परत जिना उतरावासा वाटला. "या ताई. या. वाट बघत हुतो." तो वाळला होता. केस पांढरे झाले होते, पण तिची नजर अडकली ती त्याच्या हातांवर. हात स्वच्छ होते. नखं गुलाबी, कोपऱ्यात मातीचा कण नाही, तळव्याच्या भेगा भरून आलेल्या. दोन वर्षं ज्यांना काम नाही असे हात. समोर ताटलीत वाटाण्याच्या शेंगा होत्या, सृष्टी आणते त्यातल्या, कानसच्या. त्याने दोन दाणे तिच्या तळहातावर ठेवले. गोड हायत, म्हणाला, तुमच्यामुळं. शेजारी डोकावले तर त्यांना त्याने अभिमानाने सांगितलं की या आमच्या ताई, यांनी सगळं कानसखोरं वाचवलं.

मग तो मोरदऱ्याबद्दल बोलला. तक्रारीच्या सुरात नाही, शेजारच्या घरात काय झालं ते सांगावं तसा. आधी घेवड्याची पानं कडेने पिवळी पडली. मग मेथी उगवेना. वाटाणा सहा पोत्यांवरून दीड पोत्यावर आला आणि ते दीड पोतं सुद्धा कुणी विषमुक्त म्हणून घेईना. त्याने पुन्हा पुन्हा ताग गाडला, शेणखत दुप्पट केलं. त्याला वाटत होतं आपलंच कुठेतरी चुकतंय. गांडुळं सोळावरून नऊ, नवावरून चार. मग एके दिवशी खड्डा घेतला तर नुसती माती. तिचा वास घेतला तर वासच नाही. गावातली माणसं आता सगळ्या अधिकाऱ्यांना एका माळेत ओवतात, तुमचंही नाव घेतात, तो म्हणाला, पण मी त्यांना गप करतो. "मी म्हंतो, त्या बाईनं माझ्या रानातली माती हातात घेतलीया. तिला ठावं असतं तर तिनं लिवलं असतं. तिला ठावंच नव्हतं."

प्रेमलाच्या मांडीवर खाकी पाकीट होतं. येताना तिने ठरवलं होतं की ते सृष्टीकडे द्यायचं, सुनावणीसाठी, आणि काय ते तिथेच होऊ दे. पण आता तिला वाटलं की हे या माणसाला आपल्या तोंडून सांगितलं नाही तर पुन्हा कधी श्वास नीट घेता येणार नाही. पुढे तिने या क्षणाचा फार विचार केला. सत्य सांगायची ती ओढ होती की ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर उतरवायची घाई, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. ती म्हणाली, "मला माहीत होतं, जयसिंगराव. मी लिहिलं होतं. आणि मग मी ते काढलं."

तिने एक्केचाळिसावं पान काढून दाखवलं. त्याने ते हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं, ओठ हलवत सावकाश वाचलं. हिरव्या शाईवर बोट फिरवलं, खालच्या आद्याक्षरांवर थांबलं. गल्लीत कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. प्रेमला वाट पाहत होती की तो ओरडेल. तिला ते चाललं असतं, हवंच होतं. त्याने कागद घडीवर घडी जुळवून नीट मिटला आणि तिच्याकडे परत दिला.

"लिवलं नसतं तरी चाललं असतं," तो म्हणाला. "सायबाचं ऐकावं लागतं, ते कळतं मला. पण तुमी मला सांगायचं हुतं. भाकर खाताना नुसतं बोलायचं हुतं, जयसिंग, ते हिकडं येणार हायत. पयल्या गाडीला मी आडवा पडलो असतो."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं कधी. अहवाल, परिच्छेद, वरिष्ठ, वकील, समिती, एवढंच जग तिने दहा वर्षं पुन्हा पुन्हा फिरून पाहिलं होतं, आणि त्यात खिंडीपलीकडे चुलीशी बसलेल्या माणसाला चार शब्द सांगणं ही वाट कुठे दिसलीच नव्हती. परिच्छेद काढल्यापासून कारखाने हलेपर्यंत ती मोरदऱ्यात चार वेळा गेली होती. चारही वेळा जेवली होती. जयसिंग गॅलरीच्या गजांतून बाहेर बघत होता. त्याचा चेहरा रागीट नव्हता. तो फक्त म्हातारा झाला होता, तिच्यासमोर, त्या पाच मिनिटांत. रान गेल्यावर त्याच्याजवळ एक समजूत उरली होती की निदान एक माणूस आपल्याशी सरळ वागलं. ती त्याने जपली होती, गावाशी भांडून जपली होती. प्रेमलाने ती आज येऊन काढून नेली होती, आणि तिला त्या क्षणी, लाज वाटावी असं, खरोखर हलकं वाटत होतं. "सृष्टी," गाळा आवरून नुकत्याच आलेल्या लेकीला तो आत बघून म्हणाला, "मॅडमना चहा ठेव." प्रेमलाने चहा घेतला. नको म्हणायचा अधिकार आपल्याला उरलेला नाही असं तिला वाटलं. निघताना पाकीट तिने सृष्टीच्या हातात दिलं आणि सुनावणीला मी स्वतः येईन म्हणाली.

ती गेली. निवृत्तीला एकोणीस दिवस राहिले होते. समितीपुढे तिने आपलं नाव, हुद्दा सांगितला, परिच्छेद वाचून दाखवला, आणि तो का काढला हे विचारल्यावर म्हणाली की वरिष्ठांनी सुचवलं आणि मी मान्य केलं. आद्याक्षरं माझी आहेत. कारखानदारांच्या वकिलाने विचारलं की मग आपण खोटा अहवाल दिलात असं समजायचं का. अपुरा, ती म्हणाली. तो हसला. कार्यालयात दुसऱ्या दिवसापासून तिच्या टेबलाशी कुणी थांबेना, आणि निरोपाचा कार्यक्रम जागेच्या अडचणीमुळे होणार नाही असं एक परिपत्रक निघालं. जागा तर इतकी होती की शेवटच्या दिवशी ती आपले दोन खण आवरत असताना अख्खा हॉल रिकामा होता. आठ महिन्यांनी निकाल लागला. बंदी मोरदऱ्यालाही लागू झाली, कारखान्यांना हलायला वर्षभराची मुदत मिळाली. सृष्टीने फोन करून कळवलं, थँक यू मॅडम म्हणाली. तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता, ओढही नव्हती. बाबा गावी परत गेलेत, एकटेच, तिने सांगितलं. रानात खड्डा घेतला होता. एकही नाही निघालं. ते म्हणतात माझ्या हयातीत काही निघणार नाही, पण ताग पेरलाय. प्रेमलाने विचारलं, त्यांना भेटायला गेले तर चालेल का. "नको, मॅडम," सृष्टी म्हणाली. "तुमचं नाव निघालं की ते उठून बाहेर जातात."

वर्षभराची मुदत म्हणजे काय ते प्रेमलाला ठाऊक होतं. मोरदऱ्याच्या पलीकडे आणखी एक डोंगर आहे, आणि त्याच्या पलीकडे आंबेदरा. तिथे बंदी नव्हती. कानावर आलं होतं की दोघाचौघांनी जमिनी बघायला सुरुवात केली आहे. म्हणून मार्गशीर्षातल्या एका सकाळी तिने स्वारगेटहून एसटी पकडली. पिशवीत धुऊन वाळवलेल्या सहा बाटल्या होत्या, कार्यालयाच्या जुन्या फॉर्मची छायाप्रत होती, आणि निवृत्त बाईला हे कुणी सांगितलं असं विचारलं तर द्यायला तिच्याकडे कुठलाही कागद नव्हता. गावातल्या प्रत्येक घरी जाऊन सरपंचापासून सगळ्यांना कारखान्यांचं सांगायचं, हे तिने येतानाच ठरवलं होतं. पण आधी ओढा. थंड, तळ दिसेल असं पाणी. दगडांना त्यांचा स्वतःचा रंग होता. पायातल्या चपला काठावर काढून, साडी खोचून ती आत उतरली तेव्हा गारठ्याने पोटऱ्या दुखायला लागल्या.

काठावरच्या शेतात घेवडा तोडणारी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत होती. मग ती टोपली खाली ठेवून जवळ आली. पाण्याला काय झालंय, तिने विचारलं.

"काही नाही. चांगलं आहे."

"मग न्हेताय कशाला?"

"चांगलं आहे, हे लिहून ठेवायला."

म्हातारीला हसू आलं. चांगल्याला काय लिवायचं असतं, म्हणाली, आणि वाकून ओंजळभर पाणी प्यायली, ओले हात पदराला पुसले. प्रेमला बाटलीला बूच लावून काठावर आली आणि गुडघ्यावर फॉर्म ठेवून भरायला लागली. तारीख, वेळ, ठिकाण, पाण्याचा रंग, वास. थंडीने बोटं वळत नव्हती. तिने म्हातारीला नाव विचारलं. सुंदराबाई, ती म्हणाली, सुंदराबाई लक्ष्मण पवार, कशाला पायजे? हे पाणी कोण पितं ते लिहायचंय, प्रेमला म्हणाली, आणि मग तुमच्याशी बोलायचंय, बसता का जरा. सुंदराबाई बसली. पाणी कोण पितं यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता. प्रेमलाने ते नाव समासात लिहिलं, मग घरात आणखी कोण कोण आहे ते विचारलं, आणि समास भरल्यावर कागद उलटा केला.